टोपलीचं वजन

अचलपूरच्या बाजारातून सहदेव परतला, तेव्हा संशोधनाच्या कामातून सुटीवर आलेली त्याची लेक वच्छला आकड्यांपुढं रडवेली बसली होती. यंत्रानं मोजलेल्या आभाळाच्या उबेतून जमिनीची, हवेची, आकाशगंगेची वजा करून विश्वाच्या जन्मावेळची ऊब उरली, तरच तिचा प्रबंध उभा राहणार होता. उरलं होतं शून्य. सहदेव म्हणाला, “पोरी, अडत्या आमच्या संत्र्यातून टोपलीचं वजन दोनदा कापते. तुनं काही दोनदा तं नाही कापलं?” चिडून पानं उलटता उलटता ती थबकली. हवेचे तीन अंश आधीच वजा होते. तिनं पुन्हा कापले होते. “तीन अंश उरले, बाबा.” “कोणत्या बाजूले आहे ही ऊब?” “साऱ्याच. चांदण्याबी नव्हत्या तवापासून.” सहदेवानं भर दुपारच्या रित्या आभाळाकडं पाहिलं. “आत्ताबी पडून राहिली आपल्या अंगावर?” “हो.” मुंडासं सोडून तो उघड्या डोक्यानं अंगणात उभा राहिला.