शेपटीपुरता जीव

मुद्रितशोधकाच्या कुत्र्याचे चारही पाय लुळे पडले होते आणि डॉक्टरांनी शेवटचं इंजेक्शन भरायला घेतलं. “कण्याला मार आहे. मानेखाली काहीच उरलेलं नाही.” बायको तोंड फिरवून म्हणाली, “अहो, सोडवा त्याला.” नवऱ्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं होतं, पण तोंडावर कुणाची चूक काढली नव्हती. खिशातली फिरायला न्यायची साखळी खुळखुळली आणि टेबलावर शेपटी आपटली. “मी चुकत असेन, डॉक्टर, पण शेपटी कशी हलते?” डॉक्टरांचा हात थांबला. “यानं सडकं काही खाल्लं?” “तळ्याकाठचं मेलेलं बदक. मी वाचत बसलो होतो.” “मग बोट्युलिझम, सडक्या मांसातलं विष. उतरेल बहुधा, पण तीन आठवडे भरवायचं, कूस बदलायची.” “यांना स्वतःच्या जेवणाची शुद्ध नसते,” बायको चष्मा लावत म्हणाली. “किती तासांनी वळवायचं, मला लिहून द्या.”