तिसरी केबल

डोळ्यांवर पंचा घट्ट बांधून मधुसूदनराव खुर्चीत बसले होते. दुकानातून पारखायला आणलेली स्पीकरची जाडजूड केबल चांगली की घरातली जुनी, हे आज फक्त कानांनी ठरवायचं होतं. अदलाबदल करायला स्टिरिओ सेटमागे त्यांची बायको नलिनी. वाजत होती तिचीच लग्नाआधीची कॅसेट, साथीशिवाय गायलेलं भजन. संसारात तिचं गाणं सुटलं, ते सुटलंच.

“ही कोरडी. दुसरी लाव.”

“अहो, माझे गुडघे गेले!”

“ही बरी, पण जीव नाही. बदल पुन्हा!”

सेटमागे खुडबुड झाली, पुटपुट झाली. मग भजन पुन्हा सुरू झालं आणि मधुसूदनराव ताठ बसले. “अगं, हीच! केवढा भरदार आवाज! श्वाससुद्धा ऐकू येतोय. समोर बसून गातंय कुणीतरी!”

त्यांनी पंचा ओढून काढला. सेट बंद होता. दोन्ही केबली हातात धरून नलिनी गात होती. चिडून सुरू केलं खरं, पण आता तिलाच थांबवेना.

मधुसूदनराव बघतच राहिले. मग पंचा पुन्हा डोळ्यांवर बांधून म्हणाले, “अजून एकदा लाव. नक्की ठरत नाहीये.”