गिऱ्हाईक टिकलं पाहिजे

लग्नं जमवणाऱ्या अ‍ॅपच्या मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये आपण बाकीच्या कंपन्यांच्या पुढे कसे, ते एकदाचं सांगून टाकलं.

"लग्न जमलं की गिऱ्हाईक गेलं, एवढी साधी अक्कल त्या लोकांना नाही! चांगली स्थळं आपल्याकडे ढिगाने आहेत, पण ती लगेच दाखवायची नाहीत. आता जमेल, मग जमेल, असं वाटत राहिलं की माणूस दरवर्षी मुकाट पैसे भरतो."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. एकाने तर उभं राहून वाजवल्या. त्याची बढती अडली होती.

संध्याकाळी साहेब घरी आले, तर धाकटी बहीण मांडीवर फोन पालथा टाकून बसलेली.

"दादा, इतकी वर्षं तुझ्याच अ‍ॅपवर नाव आहे माझं. एक धड स्थळ येत नाही. माझ्यातच काही खोट आहे का रे?"

साहेबांचा चेहरा क्षणभर पडला. "छे गं, वेडी आहेस का!" म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला.

आणि तिथल्या तिथे, स्टाफच्या सवलतीत, तिचा गोल्ड प्लॅन आणखी वर्षभर वाढवून दिला.