शेजारचा ब्रेक

“आजवर काय काय शिकलात ते नीट आठवा. पुढचं त्यातूनच ठरवू,” नोकऱ्या मिळवून देणाऱ्या संस्थेतल्या बाई म्हणाल्या.

सासऱ्यांच्या कंपनीत वीस वर्षं मॅनेजर म्हणून मिरवलेल्या श्रीरंगला आठवलं ते ड्रायव्हिंग स्कूल. भर बाजारातून गाडी कशी अलगद जायची! “साहेब, पहिल्यांदा शिकताय असं वाटतच नाही,” शेजारी बसलेला मास्तर म्हणायचा आणि श्रीरंगची मान ताठ व्हायची. पुढं स्वतःची गाडी आली, ती पहिल्याच चौकात आचके देऊन बंद पडली. मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला.

“अहो, त्या गाडीत क्लच-ब्रेक मास्तरच्या पायाशीही असतात,” बायको म्हणाली. “तुम्ही नुसतं स्टिअरिंग धरून बसला होतात.”

तेव्हा तो पोट धरून हसला होता.

यंदा सासरे गेले. तेरावं झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मेहुण्यानं केबिनमध्ये बोलावून हात जोडले. “दाजी, आता तुम्ही आराम करा.” ज्यांना श्रीरंग आपली गिऱ्हाइकं समजत होता, त्यातल्या एकानंही नंतर त्याचा फोन उचलला नाही.

“आठवलं काही?” बाईंनी विचारलं.

“ड्रायव्हिंग,” तो कसंनुसं हसत म्हणाला.

बाईंचा चेहरा एकदम खुलला. “मग आधी नाही का सांगायचं! एका कंपनीच्या मालकांना ड्रायव्हर हवाय. कुठं वळायचं, कुठं थांबायचं, सगळं ते मागं बसून सांगतात. तुम्हाला सहज जमेल.”