अळणी नवस

"घ्या की भाऊ, खारं हायेत," म्हणत चंपामावशीनं फुटाण्यांची पुडी पुढं केली.

महिपतीभाऊंनी हात जोडले. "माझं अळणी हाय, मावशे."

पवनानगरहून कामशेतला निघालेल्या जीपमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. भाऊ दारूबंदी समितीचे अध्यक्ष. जन्मात ओठाला थेंब न लावलेला माणूस, आणि दिवाळीपासून मिठाविना जेवत होता. गावातली दारू हटावी म्हणून नवस बोललाय, असं लोक म्हणत. भाऊ ते खोडून काढत नसत. आयतं चालून आलेलं पुण्य कोण परत करतो?

"अळणी खाऊन बी पोट कसं सुटलंय बगा," मावशी हसली. "देवाची किरपा!"

भाऊंच्या शेजारी, मांडीला मांडी लावून दस्तगीर बसला होता. धरणातले मासे धरून विकणारा. पाटी पायाशी, म्हणून अंग चोरूनच.

जीप वळणाला लागली आणि त्या दोघांच्या मधूनच कुणी बाई गोड आवाजात बोलली, "नमस्कार! काल दारू घेतलीत का?"

जीपमधल्या सगळ्या माना वळल्या.

"लिवरचं ॲप हाय ते," मावशीनं खुलासा केला. "माझ्या जावंच्या फोनमधी दवाखान्यानं घातलंय. उत्तर दिल्याबिगर गप बसत न्हाई."

"काल दारू घेतलीत का?" बाईनं तितक्याच गोडीनं पुन्हा विचारलं.

भाऊंनी बंडीवरची हाताची घडी आवळली. बाकी सगळ्यांच्या नजरा दस्तगीरवर. त्यानं एकदा भाऊंकडं पाहिलं, स्वतःच्या खिशावर हात ठेवला आणि मान वाकवून म्हणाला, "न्हाई, बाई."

"छान! नोंद झाली."

"सगळी न्हाईच म्हणत्यात," ड्रायव्हर पुटपुटला. हशा झाला. मग नजरा भाऊंकडं वळल्या. अध्यक्ष गप्प राहून कसं चालेल?

भाऊ बोलले, आणि गरजेपेक्षा मोठ्यानं बोलले. "मासं पाण्यात आन् दस्तगीर बाटलीत! आरं, लिवर काय उगाच सडतंय व्हय?"

जीप खदखदली. दस्तगीर पाटीवरचं ओलं फडकं सारखं करत राहिला.

"शनिवारच्या सभेत ह्येचाच दाखला द्या, भाऊ," मावशी म्हणाली.

"बगू," भाऊ म्हणाले, तेही खिडकीकडं तोंड करून. कामशेत येईस्तोवर ते तोंड त्यांनी आत वळवलं नाही.

ते सगळ्यांच्या शेवटी उतरले. दस्तगीर पाटी खाली ठेवून व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होता. फोन बटणांचा, मागचं झाकण रबरानं बांधलेलं. बोलणं संपवून तो भाऊंजवळ आला. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हळूच म्हणाला,

"भाऊ, तुमच्या बंडीतल्या बाईचा आवाज तेवढा बारीक करून घ्या. उद्याच्या जीपला मी नसंन."