रुमाल टाकलेली जागा

नाशिकहून सापुताऱ्याला निघालेल्या सहलीच्या बसमध्ये चढल्याबरोबर ललिताबाईंनी खिडकीच्या सीटवर रुमाल टाकला आणि आपण कडेला बसल्या. खिडकी नेहमी त्यांच्या यजमानांची, अण्णांची. अण्णांना जाऊन वर्ष होत आलं होतं, पण हाताची सवय गेली नव्हती. ती जागा कोणी मागितलीही नाही. वणी मागे पडली, गुजरातची हद्द लागली, तरी ललिताबाईंशी कोणी चार शब्द बोललं नव्हतं.

सापुताऱ्याला दोन तास मोकळे होते. सगळे घोळक्या-घोळक्याने पांगले. ललिताबाई तळ्याकाठी एकट्याच बसून राहिल्या आणि सगळ्यांच्या आधी परतल्या. ड्रायव्हरने बसचं कुलूप काढून दिलं.

रुमाल सीटवरच होता, पण त्याच्या चारी टोकांना गाठी मारलेल्या होत्या. उन्हात अण्णा डोक्याला अशीच टोपी करायचे. आतून तो घामाने ओला होता.

तो मुठीत घट्ट धरून त्या खिडकीपाशी बसल्या. हळूहळू बस भरली. सगळ्यात शेवटी सहल नेणारी स्नेहल चढली.

“काकू, खाली एक आजोबा उभे आहेत,” ती म्हणाली. “रुमाल आत राहिलाय म्हणतात.”

ललिताबाई खिडकी मोकळी करून कडेच्या सीटवर सरकल्या.