मुखपृष्ठाचा रंग

"पिवळा नको, आप्पा. तो तुमच्या तालमीचा. दुसऱ्या पेठेतलं कुणी अंकाला हात लावणार नाही."

छापखान्याच्या आप्पांनी नाइलाजानं दुसरा नमुना पुढं सरकवला. लाल रंग खालच्या पेठेचा, म्हणून तोही गेला. कोल्हापुरात शाळकरी फुटबॉलचं मासिक काढायला निघालेल्या मृणालला मुखपृष्ठासाठी रंगच सापडेना. प्रत्येक पेठेची तालीम, तालमीचा संघ आणि संघाचा रंग ठरलेला.

शेवटी तिनं पर्समधला फोटो टेबलावर ठेवला. शाळेच्या पांढऱ्या गणवेशात, गुडघे फुटलेल्या अकरा पोरी.

"ह्या कुठल्या तालमीच्या?"

"कुठल्याच नाहीत. पोरींना कोण घेतंय? मला तरी कुठं घेतलंसा तुम्ही?"

आप्पांची मान खाली गेली. वीस वर्षांपूर्वी तालमीच्या दारातनं तिला परत पाठवणारे तेच होते.

"छापतो," ते म्हणाले. "पण आमची पोरं का नाहीत म्हणून सगळ्या तालमी भांडायला येतील बघ."

"येऊ देत की," मृणाल म्हणाली. "पुढल्या वर्षी ह्याच पोरी आमच्या म्हणून भांडायला लावते त्यांना."